डायपर खरेदी, मार्चअखेर

दीपाला सहावा महिना लागला तेव्हा आमच्या घरी नियोजनाची पहिली बैठक झाली. स्थळ, आमची समोरची खोली, यवतमाळ. वेळ, रविवार, सकाळी अकरा. अध्यक्ष मी, म्हणजे संघदीप. सदस्य माझी बायको दीपा. विशेष निमंत्रित माझे वडील धर्मपाल. बाबा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेत, तेव्हा कुठलीही गोष्ट वेळेत करण्याचं महत्त्व त्यांना कळत असेल, असा माझा समज होता. विषय एकच होता. जन्माला येणाऱ्या बाळाला वर्षभरात किती डायपर लागतील.

"डायपर कायले?" बाबा म्हणाले. "लंगोट्या लागतात लेकराले. जुन्या लुगड्याच्या. तुही माय तुले त्याच बांधे."

मी हे इतिवृत्तात लिहून घेतलं आणि समोर 'अमान्य' असा शेरा मारला. आमच्या गल्लीत नळ चौथ्या दिवशी येतो. लंगोट्या धुवायच्या कशाने? बाबांना हा मुद्दा मान्य करावा लागला. दीपा काही बोलली नाही, ती संत्री सोलत होती. त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

आता यात हसण्यासारखं काय आहे? मी एका सरकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेत वरिष्ठ सहायक आहे. कार्यालयाचं नाव सांगत नाही, उगाच बोलणी खावी लागतात. चौदा वर्षं मी आराखडे करतोय, आणि माझ्या टेबलावरचा एक रुपया कधी अखर्चित राहिलेला नाही. शेळ्यांचं, हातपंपांचं, सौरदिव्यांचं नियोजन केलेल्या माणसाला स्वतःच्या लेकराच्या मुताचं नियोजन जमू नये? लोक लग्नात किती पाहुणे जेवतील ते मोजतात, वरातीत किती जण नाचतील तेही मोजतात. बाळाच्या बाबतीत मात्र म्हणतात, पाहू, लागेल तसं आणू. या 'लागेल तसं आणू'नेच आपलं वाटोळं केलंय, हे माझं स्पष्ट मत आहे.

तर पहिला प्रश्न, रोज किती? आमच्या शाखेतल्या अक्षयला दोन वर्षांचा मुलगा आहे. त्याला लेखी विचारलं. तो समोरच्याच टेबलावर बसतो, पण तोंडी माहितीला आधार नसतो. त्याने उत्तर दिलं, "सुरुवातीले दहा तं लागतातच, भाऊ."

मागणी दहाची असेल तर दहा मागायचे नसतात. वरचे साहेब अर्धे कापतात, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणून मी मागणी वीसची केली. मग मंजुरी देणारा म्हणून मी ती पाहिली आणि निम्मी कापून दहावर आणली. त्यानंतर काटकसरीचे चाळीस टक्के गेले. मंजूर झाले सहा. मागणारा मीच, कापणारा मीच, तरी त्या आठवड्यात माझ्या मनात माझ्याबद्दलच थोडी कटुता राहिली. रोज सहा म्हणजे वर्षाला दोन हजार एकशे नव्वद. आकडा स्वच्छ होता.

सातव्या महिन्यात दीपा दिग्रसला माहेरी गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. जाताना सासूबाई, कांताबाई, तिला घ्यायला आल्या होत्या. मी त्यांना आराखड्याची प्रत दिली. त्यांनी ती उलटी धरून पाहिली, मग सरळ धरून पाहिली आणि घडी करून पिशवीत ठेवली.

"जवाईबापू, लेकरू व्हायच्या आधी काही आणून ठेवू नका," त्या म्हणाल्या. "आधी ते सुखरूप येऊ द्या."

मी हो म्हणालो. पण डॉक्टरांनी तारीख दिली होती नऊ एप्रिल, आणि आर्थिक वर्ष संपतं एकतीस मार्चला. आमच्या घरात नियम आहे, आणि तो मीच केला आहे. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक गोष्टीसाठी रक्कम बाजूला काढायची. एकतीस मार्चपर्यंत ती खर्च झाली नाही तर व्यपगत, म्हणजे त्या कामासाठी बुडाली, आणि व्यपगत रक्कम जाते बाबांच्या दातांकडे. मागच्या वर्षी दिवाळीच्या रंगरंगोटीचे पैसे व्यपगत झाले, त्यातून बाबांची खालची कवळी झाली. वरची अजून प्रलंबित होती. मार्च लागला तसे बाबा माझ्याकडे निराळ्याच आशेने पाहू लागले, आणि मी सावध झालो.

एकतीस मार्चला दुपारी मी आर्णी रोडवरच्या खेमसिंग यांच्या दुकानात गेलो. खेमसिंगभाऊ अनुभवी माणूस. मी 'तीन दरपत्रकं' म्हणताच त्यांनी गल्ल्यातून तीन कोरी लेटरहेड काढली, एक त्यांचं, एक बायकोचं, एक साळ्याचं. "कमी रेट कोनाचा ठेवू, साहेब?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नियमानुसार ज्याचा कमी असेल त्याचा. मग त्यांनी स्वतःचा कमी ठेवला. स्पर्धा निकोप झाली.

दर नगावर होता आणि सर्वांत कमी दर सर्वांत लहान मापाचा, म्हणजे 'नवजात'चा होता. कमी दर असताना जास्त दर स्वीकारला तर त्याची कारणं लिहावी लागतात. शिवाय आराखड्याचं नावच 'नवजात बालक डायपर पुरवठा' असं होतं. मी दोन हजार एकशे नव्वद नग नवजात मापाचे मागितले.

खेमसिंगभाऊंनी चष्मा कपाळावर नेला. "सारेच्या सारे लहान? साहेब, लेकरू हाये ते. वाढीन ना."

"वाढीची तरतूद पुढच्या आराखड्यात."

"अन् तवरिक?"

"तोवर वाढ अपेक्षित नाही," मी म्हणालो, आणि संध्याकाळी साडेचारला बिल फाडून घेतलं. त्र्याहत्तर पुडे दोन ऑटोंनी घरी आले. बाबांनी ते उतरवून घेतले. रात्री त्यांनी भाकर वरणात कुस्करून खाल्ली. मी मात्र समाधानाने जेवलो. खर्च शंभर टक्के.

नऊ एप्रिलला दिग्रसला मुलगी झाली. तारीखसुद्धा चुकली नाही, इतकी शिस्तीची पोरगी! पावणेचार किलोची. मी जाऊन पाहिली. इवलीशी मूठ वळून झोपली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी नाकारत नाही.

"पुडे आनले का?" दीपाने विचारलं.

मी तिला समजावून सांगितलं. माहेरचा मुक्काम दिग्रसच्या कार्यक्षेत्रात येतो. तो खर्च रीतीप्रमाणे माहेरचा. यवतमाळचं साहित्य परस्पर दुसऱ्या कार्यक्षेत्रात वळवलं तर उद्या प्रश्न उभा राहील. दीपाने तोंड भिंतीकडे केलं. बाळंतिणीला थकवा असतोच.

मी फक्त एवढंच सांगितलं, की लाभार्थीची दैनिक मागणी मला रोज संध्याकाळी कळवावी. म्हणजे अंदाज ताडून पाहता येईल. पहिल्याच दिवशी कांताबाईंचा फोनवर आवाज आला. "जवाईबापू, पोरगी मुतते तवा मुतते. मी धुनं धुवू का मोजत बसू?" त्यानंतर अहवाल बंद झाले. मी प्रत्येक दिवसासमोर 'सहा' लिहीत गेलो. अनुमान आणि प्रत्यक्ष यांत तफावत शून्य आली. कामाला असं यश क्वचित मिळतं.

इकडे घरात एप्रिल तापला. त्र्याहत्तर पुडे दिवाणावर, कपाटावर आणि कूलरच्या तोंडापाशी रचलेले होते. कूलरचा सगळा गारवा पुड्यांना मिळायचा. बाबा ओला पंचा डोक्यावर घेऊन दारात बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "माल आला हाये, मालक यायचे हायेत."

जूनच्या शेवटी दीपा मुलीला घेऊन आली. मी दारात उभा होतो. बाबांनी नातीच्या कपाळावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. दीपाने मुलीला दिवाणावर ठेवलं आणि पहिला पुडा फोडला. लाभार्थीचं वजन सहा किलो भरलं होतं. नवजात माप पाच किलोपर्यंतच.

"अवो," दीपा म्हणाली, "हे हिच्या एका मांडीले बी होत नाही."

"नीट लाव. थोडं ओढून घे."

तिने ओढलं. चिकटपट्टी सुटली, मुलगी रडली. दीपा म्हणाली, मोठं माप घेऊन या. मी समोर बसून शांतपणे सांगितलं, की साठा शिल्लक असताना नवीन खरेदी केली तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. ती म्हणाली, आपल्या घरी कोण लेखापरीक्षक येऊन राह्यला? आता हिला काय सांगू! आक्षेप यायला लेखापरीक्षक लागत नाही, नुसती भीती पुरते. चौदा वर्षं मी त्या भीतीवर नोकरी केली आहे.

मार्ग मी काढला. दोन डायपर पाकिटं चिकटवायच्या टेपने जोडले की एक मोठं होतं. याला आम्ही दुरुस्ती म्हणतो, खरेदी म्हणत नाही. अडचण एवढीच आली, की एका वेळेला दोन नग लागू लागले आणि मंजुरी रोज सहाचीच होती. म्हणजे तीन वेळा. चौथ्या वेळेला मुलगी ओली राहू लागली. मी दीपाला म्हणालो, चौथी वेळ उद्याच्या सकाळमध्ये धरता येईल का पाहा.

तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही.

आठ दिवसांत मुलीच्या मांड्यांना लाल चट्टे आले. टेप लागायची तिथे कातडं सोलवटलं. पाय हलवला की ती कळवळून रडायची. दीपा तिला खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालायची आणि पुड्यांना धडकायची. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, कोरडं ठेवा, मोकळं ठेवा, मोठं माप वापरा. मी ती चिठ्ठी फाईलला लावली. मला वाईट वाटलं. अगदी आतून वाटलं, खोटं कशाला सांगू. पण वाईट वाटलं म्हणून कुठलं कलम शिथिल होतं?

तरी मी हात झटकले नाहीत. एकसदस्यीय चौकशी समिती नेमली. सदस्य बाबा. मुदत सात दिवस. बाबांनी अहवाल सात मिनिटांत दिला, तोही वहीच्या पाठकोऱ्या कागदावर. 'पोरगी ओली हाये.' एवढंच. जोडपत्र नाही, शिफारशी नाहीत, अभिप्राय नाही. मी तो त्रुटी काढून परत पाठवला. बाबांनी मग त्याच दुपारी स्वतःचं जुनं धोतर फाडलं आणि आपल्या वाट्याच्या आंघोळीच्या पाण्यात लंगोट्या धुवायला बसले. आराखड्याबाहेरचं साहित्य वापरू नका, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तू ऑफिसात जाय." मी गेलो. संध्याकाळी आलो तर दोरीवर पाच लंगोट्या वाळत होत्या आणि पुढचे दोन दिवस बाबांनी आंघोळ केली नाही.

पाच लंगोट्या दुपारीच संपायच्या. पावसाळी हवेत त्या वाळायच्याही नाहीत. शेवटी दीपा म्हणाली, "न फोडलेले पुडे खेमसिंगभाऊले वापस नेऊन द्या. बदलून मोठं माप आना. माहं एवढं एक आयका."

मी गेलो. तिने पहिल्यांदाच विनवून काही मागितलं होतं, म्हणून गेलो. आणि आश्चर्य म्हणजे खेमसिंगभाऊ एका पायावर तयार झाले. "आना ना साहेब, सारे पुडे आना. लहान मापाले रोज गिऱ्हाईक हाये. मीडियम नेऊन टाका, वरचे पैसे जवा असन तवा द्या." त्यांनी एक मोठ्या मापाचा पुडा काउंटरवर माझ्यासमोर ठेवलासुद्धा. "हा तं आजच नेऊन जा. पोरगी रडत असन."

माझा हात त्या पुड्यापर्यंत गेला होता. मग मला बिलावरची तारीख आठवली. खरेदी मागच्या आर्थिक वर्षातली. अदलाबदल या वर्षातली. परत येणारी वस्तू जमा कुठे दाखवायची? वर्ष बंद झालेलं, हिशेब बंद झालेला, खर्च शंभर टक्के लागलेला. एक पुडा जरी परत गेला तरी तो आकडा नव्याण्णववर येतो. चौदा वर्षांत माझा नव्याण्णव कधी आलेला नाही.

मी हात मागे घेतला. खेमसिंगभाऊंनी पुडा माझ्याकडे आणखी थोडा सरकवला. "साहेब, तुमची तब्येत बरी हाये ना?" त्यांनी विचारलं, आणि ते मनापासून विचारत होते.

मी रिकाम्या हाताने घरी आलो तेव्हा दीपाने माझे हात पाहिले. तिने पिशवी भरली. मुलीला बाबांच्या धोतराच्या लंगोटीत गुंडाळलं, वरून दुपटं घेतलं.

"तुमच्या फाईलीत माही पोरगी कोरडी हाये," ती म्हणाली. "अन् माह्या मांडीवर ओली हाये. मी फाईलीत राहू का?"

"दीपा, आराखडा अजून नऊ महिने चालायचा आहे."

"चालू द्या. आमी दिग्रसले चाललो. जवा कागद घरी ठेवून नुसते लेकराले पाहाले याल, तवा या."

बाबा त्यांना स्टँडवर सोडायला गेले. दिग्रसच्या गाडीचा चालक त्यांच्या ओळखीचा निघाला, त्याने पुढची सीट दिली, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यानंतर पंधरा दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत.

घर फार शांत झालं. मला वाटलं होतं, शांततेत काम चांगलं होईल. पण पुड्यांकडे पाहिलं की मला त्या कळवळून रडण्याची आठवण यायची. एका रविवारी मी उठलो, फाईल कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि दिग्रसची एसटी पकडली. वाटेत आर्णीला गाडी थांबली तेव्हा मी मुलीसाठी एक खुळखुळा घेतला. एकाच दुकानातून. भावसुद्धा विचारला नाही.

दिग्रसला कांताबाईंनी दार उघडलं. "जयभीम," मी म्हणालो. त्यांनी पाणी दिलं, चहा ठेवला, आणि आतून मुलीला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. जुन्या सुती लुगड्याची मऊ लंगोटी. मांड्या स्वच्छ, एक डाग नाही. ती माझ्याकडे पाहून हसली. मला ओळखून हसली की कसं, ते मला माहीत नाही. मी खुळखुळा वाजवला. ती आणखी हसली, पाय झाडले, आणि लंगोटी सुटून माझ्या शर्टावर, पँटवर, पार मोज्यांपर्यंत मुतली.

आणि मी हसलो. अहो, असा हसलो, की डोळ्यांतून पाणी आलं. किती महिन्यांनी हसलो असेन! तिचं मूत कोमट, भरपूर, कुठलीही मंजुरी न घेता आलेलं. मी तिचे पाय हातात धरले आणि तळव्यांचे मुके घेतले. दार धरून दीपा उभी होती, तीही हसत होती. कांताबाई आतून म्हणाल्या, "पाह्य वं दीपे, बापाले भिजवलं पोरीनं!" दीपा पुढे आली, माझ्याजवळ बसली. तिने बहुधा बॅग भरायचं मनात आणलं होतं. तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं.

त्याच वेळी माझा डावा हात घड्याळ पाहायला वर गेला, आणि उजव्या हाताने खिशातलं पेन काढलं. मी एसटीच्या तिकिटाच्या मागे लिहिलं, '११.४०. मात्रा भरपूर.' मी ते मुद्दाम केलं नाही, शपथ घेऊन सांगतो. हात आपोआप गेला.

दीपाने तिकिटावरचं वाचलं. मग तिने मुलीला माझ्या मांडीवरून उचललं. "चाय घेऊन जा," ती म्हणाली. भांडली नाही, रडली नाही. मी दुपारच्या गाडीने परत आलो. पँट आर्णीपर्यंत वाळली.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. अक्षयने पाहायला म्हणून नेलेली माझी फाईल आमच्या शाखेच्या साहेबांना दाखवली. साहेबांनी ती दोनदा वाचली. खर्च शंभर टक्के, तोही मार्चअखेर. तीन दरपत्रकं जोडलेली. साठा सुस्थितीत. अनुमान आणि प्रत्यक्ष यांत तफावत नाही. आणि लाभार्थी कार्यक्षेत्रात राहत नसल्यामुळे योजनेविरुद्ध एकही तक्रार नाही. साहेब म्हणाले, असा स्वच्छ आराखडा आपल्याकडे झालेला नाही. कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात मला शाल आणि श्रीफळ मिळालं. त्यानंतर तासभर मी 'कुटुंबस्तरावरील नियोजन' या विषयावर बोललो. टाळ्या पडल्या. तेवीस जणांनी फाईलची प्रत मागितली. तिघांनी खेमसिंगभाऊंचा नंबर घेतला. एकाने विचारलं, सासरच्या कार्यक्षेत्राचा मुद्दा कुठल्या परिपत्रकात बसवला?

शाल घेऊन मी घरी आलो. बाबांनी ती पाहिली आणि एवढंच विचारलं, "पोरीचा फोन आलता का?" आला नव्हता.

आता तुम्ही मनातल्या मनात म्हणत असाल, काय माणूस आहे हा! म्हणा. पण मला एक सांगा. तुम्ही इथपर्यंत आलात. डायपर किती ते तुम्हाला पाठ आहे. त्र्याहत्तर पुडे, रोजचे सहा, पाच किलो, सहा किलो, सगळं लक्षात आहे. मेळाव्यातल्या तेवीस जणांपैकी एकानेही माझ्या मुलीचं नाव विचारलं नाही, आणि मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

तुम्हीसुद्धा विचारलं नाही.